खाजणांतील कॅमेरा



कांजूरमार्ग स्टेशनवर उतरून पूर्वेच्या अंगानें बाहेर पडावें, कांजूर गांवांतील जुनीं घरें मागें टाकावीं आणि पूर्व द्रुतगती मार्ग ओलांडावा, म्हणजे मुंबई शहर एकाएकीं संपल्यासारखें वाटतें. समोर मिठागरांचे बांध, त्यांच्या पलीकडे तिवरांची हिरवी रांग आणि तिच्याहि पाठीमागें ठाण्याची खाडी. भरतीचें पाणी जेथवर चढतें त्या सगळ्या टापूला आम्ही खाजण म्हणतों. या खाजणाच्या कडेकडेनें गेलीं चाळीसांवर वर्षें मी गळ्यांत कॅमेरा अडकवून हिंडत आलों आहें. मी कोणी नामांकित छायाचित्रकार नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीला लागलों, मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत उमेद घालविली आणि आतां घरीं बसलों आहें. तेव्हां कलेचे बारकावे माझ्याकडून ऐकावयास मिळतील अशी अपेक्षा आपण ठेवूं नये. पशुपक्ष्यांचीं व झाडाझुडपांचीं छायाचित्रें घेण्याचा हा छंद आपल्या मुंबईंत कसा आला, तो इतक्या उशिरां कां आला, आणि आमच्या गांवाला त्यापासून काय मिळालें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

छायाचित्रणाची कृति १८३९ सालीं पॅरिसमध्यें जाहीर झाली. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. आणि त्यानंतर दीड वर्षानें, १८५४ च्या ऑक्टोबरांत, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आपल्या देशांतील अशी ही पहिलीच संस्था. कलकत्ता व मद्रास येथील संस्था निघाल्या १८५६ सालीं. (ती आगगाडी आमच्या कांजूरच्या अंगावरूनच ठाण्याला गेली, फक्त येथें थांबावयास तिला शंभराहून अधिक वर्षें लागलीं!) सोसायटीच्या सभासदांत लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांच्या जोडीला डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रणाचा वर्ग उघडला गेला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे विद्यार्थी तेथें तयार होऊन पुढें या धंद्यांत नांवारूपास आले. १८५६ पासून जॉन्सन व हेंडरसन या जोडीनें हौशी मंडळींसाठीं छायाचित्रांचा एक संग्रह दरमहा प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. छायाचित्र छापण्याची कला तेव्हां नव्हती. म्हणून अंकाच्या पानांवर कागदावर उतरविलेलीं अस्सल छायाचित्रेंच चिकटविलेलीं असत.

म्हणजे मुंबईच्या सुशिक्षितांना कॅमेऱ्याचें वेड फार लवकर लागलें होतें. पण त्यांच्या भिंगासमोर उभीं राहिलीं तीं मुख्यतः माणसें आणि इमारती. निरनिराळ्या जातींचे व धंद्यांचे लोक, देवळें, लेणीं, बंदरें, रस्ते, यांचींच चित्रें निघालीं. पांखरें मात्र नाहींत. याचें कारण रसिकतेचा अभाव नसून रसायनशास्त्र हें होतें. त्या काळची कृति अशी : काचेवर कलोडियन नांवाचें चिकट द्रावण ओतावयाचें, ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवावयाची, ओली असतांच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि ओली असतांच अंधाऱ्या तंबूंत नेऊन धुवावयाची. सारा कारभार दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे, आणि मुंबईच्या चैत्र-वैशाखांत काच वाळावयास तेवढाहि वेळ लागत नसे. त्यांतून भिंग उघडें ठेवावें लागे तें कांहीं सेकंद. बगळा म्हणजे ध्यानस्थ मुनि अशी त्याची ख्याति असली, तरी त्या मुनीचें ध्यान फोटोग्राफरच्या सोयीनें चालत नाहीं. शिवाय हा तंबू, बाटल्या, काचा आणि तिपाई वाहून नेणाऱ्या हमालांची मिरवणूक पाहून खाजणांतील कोणता पक्षी जागेवर बसून राहिला असता?

१८७१ सालीं मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनें सरसाच्या जातीच्या पदार्थाचा लेप दिलेली कोरडी काच काढली आणि ही अडचण दूर होऊं लागली. १८८८ मध्यें कोडॅकची पेटी निघाल्यावर तर छायाचित्र काढणें हें रसायनज्ञाचें काम उरलें नाहीं.

नेमक्या याच दिवसांत मुंबईंत दुसरी एक घटना घडली. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकीं दोघे आपले होते : प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि औषधी वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. मंडळाला प्रथम धड जागाहि नव्हती. पुढें फिप्सन नांवाच्या मद्याच्या व्यापाऱ्यानें आपल्या दुकानांतील एक खोली दिली, आणि भुसा भरलेलीं जनावरें व बाटल्यांतील साप तेथें जाऊन बसले. १८८६ पासून संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें आणि तें आजतागायत चालू आहे.

त्या आठांतील एका गृहस्थाविषयीं मला विशेष आपुलकी वाटते. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे १८५१ सालीं साताऱ्यास जन्मले, कांहीं वर्षें पुण्यास डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकवीत होते, आणि पुढें नोकरीला लागले तें जकात व मीठ खात्यांत! ‘ईहा’ या टोपणनांवानें त्यांनीं घराभोंवतींच्या मुंग्या, पाली, कावळे, चिमण्या यांवर इतक्या मौजेनें लिहिलें आहे कीं, शाळेंतील निबंध तपासून थकलेल्या मास्तरालाहि तें वाचून हुरूप यावा. मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवरील त्यांचें पुस्तक १९०० सालीं निघालें. मिठागराच्या कामावर देखरेख करणाऱ्या खात्यांतील माणसाला पांखरांचा नाद कां लागावा, हें ज्यानें पौषांतल्या सकाळीं मिठागराच्या बांधावर घटकाभर बसून पाहिलें आहे त्याला सांगावयास नको.

मात्र त्या पिढीचें मुख्य हत्यार कॅमेरा नव्हे, बंदूक होतें. पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो मारून, कातडें सोलून, पेंढा भरून चिठ्ठी बांधावयाची. हें आज क्रूर वाटेल. पण दुर्बिणी बेताच्या, चित्रमय पुस्तकें दुर्मिळ, अशा काळीं दुसरा मार्ग नव्हता. खुद्द डॉ. सलीम अलींची कथा प्रसिद्ध आहे. लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें त्यांनीं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून ती ओळखून घेण्यासाठीं ते सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे गेले, आणि त्या एका चिमणीनें त्यांच्या आयुष्याला वळण दिलें.

बंदुकीच्या जागीं कॅमेरा येण्याची हवा प्रथम परदेशांत सुरू झाली. इंग्लंडांत कीर्टन बंधूंनीं १८९२ सालीं घरट्याचें छायाचित्र घेतलें आणि तीन वर्षांनीं केवळ छायाचित्रांनीं सजविलेलें घरट्यांवरचें पुस्तक काढलें. पुढें बुजऱ्या पक्ष्यांना फसविण्यासाठीं त्यांनीं बैलाचें कातडें ताणून त्याच्या पोटांत स्वतः बसण्यापर्यंत मजल मारली! अमेरिकेंत शिरास या वकिलानें रात्रीं हरणांचीं चित्रें झोताच्या उजेडांत घेतलीं व तीं १९०६ सालीं नॅशनल जिऑग्राफिक मासिकांत झळकलीं. आपल्याकडे हा मान संयुक्त प्रांतांतील जंगल अधिकारी एफ्. डब्ल्यू. चॅम्पियन यांचा. शिवालिकच्या रानांत वाघाच्या वाटेवर ते बारीक तार बांधून ठेवीत. वाघाचा पाय तारेस लागला कीं झोत पेटे आणि वाघ स्वतःचें चित्र स्वतःच काढून घेई. १९२५ सालीं लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानें तीं चित्रें छापलीं व १९२७ मध्यें त्यांचें पुस्तक निघालें.

मुंबईंत हें लोण पोंचलें तें सलीम अलींच्या भोंवतालच्या मंडळींत. १९३० सालीं अलिबागेजवळ किहीम येथें त्यांनीं सुगरणीच्या वसाहतीवर दिवसच्या दिवस बसून जें निरीक्षण केलें, त्यांत एकहि पक्षी मारावा लागला नाहीं. एक नर अर्धवट घरटें विणतो, मादी येऊन तें पसंत करते, मग तो तें पुरें करून दुसरें विणावयास घेतो, हा सारा संसार नुसत्या पाहण्यानें उलगडला. पुढें महायुद्धांत सिंगापूर पडतांना लोक वान थो नांवाचा एक धनाढ्य तरुण जहाज बुडाल्यामुळें जखमी होऊन वांचला व हिंदुस्थानांत आश्रयास आला. येथें सलीम अलींशीं त्याची मैत्री जमली आणि तो पुढें जगांतील नामांकित पक्षिछायाचित्रकारांत गणला गेला. १९४५ च्या एप्रिलांत सलीम अली कच्छच्या रणांत रोहित पक्ष्यांच्या वसाहतीपर्यंत जाऊन पोंचले. चिखलाच्या उंचवट्यांवर अंडीं घालून बसलेले लाखों रोहित त्यांनीं तेथें पाहिले. या रोहितांचा आमच्या कांजूरशीं काय संबंध, तें पुढें येईल.

माझा कॅमेरा आला १९८० च्या सुमारास. आग्फा क्लिक थ्री. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं तो असेल. त्याला ‘ऊन’ आणि ‘ढग’ अशा दोनच खुणा असत, आणि एका रोळांत बारा चित्रें निघत. उटकमंडच्या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ रोळ त्यांत भरावयाचा. पहिल्या पगारवाढींतून तो घेतला तेव्हां घरांतून विचारणा झाली कीं, लग्नामुंजींचे फोटो काढून चार पैसे येतील काय? मीं होय म्हटलें. तें खोटें होतें.

बारा चित्रांचा रोळ महिनाभर पुरवावयाचा म्हणजे प्रत्येक चित्रापूर्वीं दहा वेळां विचार करावा लागे, आणि त्या विचारानें मला ऋतु पाहावयास शिकविलें. आषाढांत मिठागरें बुडून जातात, बांधांवर टाकळा माजतो. ओहोटीला तिवरांच्या मुळांशीं निवट्या बाहेर येतात. पाठीवरचा पर उभारून चिखलावर उड्या मारणारा हा मासा पाहून मुलें विचारीत, ‘गुरुजी, हा मासा कीं बेडूक?’ भाद्रपदांत गौरीसाठीं तेरडा आणावयास पश्चिमेकडील पवईच्या टेकड्यांवर जावें, तों इकडे खाडीवर उत्तरेकडून आलेले तुतवार उतरलेले असावयाचे. आश्विनांत कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, त्यांवर चतुर. कार्तिकांत धोबी शेपूट हलवीत शाळेच्या पटांगणांत येई, आणि मीं फळ्याच्या कोपऱ्यांत त्याच्या आगमनाची तारीख लिहावी असा आमचा रिवाज होता. पौष-माघांत मिठागरांत पाणी कोंडून मीठ धरूं लागे. आगरी मजूर लांब दांड्याच्या फळ्यांनीं तें ओढून बांधावर ढीग घालीत, आणि त्या उथळ पाण्यांत लाल काठ्यांसारख्या पायांचे शेकाटे चरत. या शेकाट्यांनीं माझे पहिले तीन रोळ खाल्ले. चोहोंकडे पांढरेंशुभ्र मीठ, त्यावर ऊन; ‘ऊन’ या खुणेवर कांटा ठेवावा तर मीठ तेवढें उमटे आणि पक्ष्याची नुसती काळी आकृति. शेवटीं एका सकाळीं चुकून कांटा ‘ढगा’वर राहिला आणि चित्र सुरेख आलें. पांढऱ्या भूमीवर भिंग अधिक उघडावें लागतें, हा धडा पुस्तकांत असेलहि. मीं तो चुकींतून शिकलों. फाल्गुनांत पळस व पांगारा, वैशाखांत बहावा आणि तामण, आणि तिवरालाहि तेव्हां बारीक पिवळीं फुलें येतात. तीं जवळ जाऊन पाहिल्याखेरीज कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत.

आतां एक गोष्ट सांगावयाची आहे. ती मीं आजवर फारशी कोणास सांगितलेली नाहीं.

टिटवी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर खडे जमवून त्यांत अंडीं घालते, आणि तीं अंडीं त्या खड्यांसारखींच ठिपकेदार असल्यामुळें पायाशीं असूनहि दिसत नाहींत. एका चैत्रांत मला एका पडीक बांधावर चार अंडीं सांपडलीं. आनंद गगनांत मावेना. क्लिक थ्रीनें जवळचें चित्र नीट येत नसे. म्हणून मीं एका स्नेह्याचा चांगला कॅमेरा मागून आणला, आणि अंडीं स्पष्ट दिसावींत म्हणून त्यांच्या भोंवतालचें वाळलेलें गवत उपटून टाकलें. कीर्टन बंधूंचीं चित्रें कोणत्याशा पुस्तकांत पाहिलीं होतीं, तसें आपलेंहि एक असावें ही हांव! लागोपाठ तीन दिवस गेलों. प्रत्येक वेळीं टिटव्यांचें जोडपें डोक्यावर घिरट्या घालून आकांत करी, आणि तो आकांत विजेच्या तारेवर बसलेले कावळे ऐकत असत, हें माझ्या लक्षांत आलें नाहीं. चौथ्या दिवशीं तेथें फक्त टरफलें होतीं. चित्र मात्र उत्तम आलें. तें मीं शाळेंत टांगलें, पाहणाऱ्यांनीं वाखाणलें, आणि दर वेळीं तिकडे दृष्टि गेली कीं माझी मान खालीं जाई. दोन वर्षांनीं तें काढून घरीं आणलें. आज पक्षिमित्रांच्या बहुतेक संस्था घरट्यांचीं चित्रें घेऊं नयेत असें बजावतात आणि स्पर्धांतूनहि अशीं चित्रें नाकारलीं जातात. तरुणांना हा नियम कित्येकदां जाचक वाटतो. त्यांना मीं तें चित्र दाखवितों व त्याच्यामागचें सांगतों.

दुसरी चूक याहून साधी, पण तिचें नुकसान मोठें. मीं तारखा लिहिल्या नाहींत. धोब्याची तारीख फळ्यावर लिहिली, ती दुसऱ्या दिवशीं पुसली गेली. छायाचित्रांच्या पाठी कोऱ्याच राहिल्या. १९८० ते १९९५ या काळांतील तीनशेंच्या वर चित्रें माझ्या पत्र्याच्या पेटींत आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांचें साल मला सांगतां येत नाहीं.

याचें महत्त्व कळावयास मधल्या काळांत खाडीचें काय झालें तें सांगितलें पाहिजे. १९९० नंतरच्या दशकांत शिवडीच्या चिखलावर रोहित मोठ्या संख्येनें दिसूं लागले आणि हळूहळू खाडीच्या वरच्या अंगापर्यंत पसरले. शहराच्या सांडपाण्यानें खाडींत जें शेवाळ माजतें, तें धाकट्या रोहिताचें अन्न. म्हणजे आपल्या घाणीनेंच हे सुंदर पाहुणे येथें आणले, असा हा विचित्र हिशेब आहे. अलीकडे त्यांची गणती लाखाच्या वर गेली. २०२२ सालीं नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनीं खाडींतील सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशीं बोलणारीं यंत्रें बांधलीं, तेव्हां ते पावसाळ्याच्या सुमारास गुजरातेंत गेल्याचें दिसलें. सलीम अली ज्या रोहितांपर्यंत कच्छांत जाऊन पोंचले होते, त्यांचे भाईबंद आतां आमच्या दाराशीं उतरतात.

त्याच काळांत तिवरांवर भराव पडत होते. २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तिवरें तोडण्यास मनाई केली, २०१२ मध्यें वनखात्यानें त्यांच्यासाठीं स्वतंत्र कांदळवन कक्ष उघडला, २०१५ सालीं खाडीचा सुमारें १६९० हेक्टर भाग रोहितांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्यें ठाण्याच्या खाडीला रामसर यादींत स्थान मिळालें. आणि हें सर्व होत असतां कांजूरच्या बाजूला शहराच्या कचऱ्याचें आगार उभें राहिलें. त्या सुमारें १२० हेक्टर जागेला संरक्षित वनांतून वगळण्याचा २००९ चा निर्णय उच्च न्यायालयानें २०२५ सालीं रद्द ठरविला. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिति दिली. कचरा कोठें टाकावा या प्रश्नाचें उत्तर माझ्यासारख्या मास्तराजवळ नाहीं, आणि माझ्या घरचा कचराहि कोठें तरी जातोच. पण अशा प्रत्येक वादाच्या मुळाशीं एक अगदीं साधा प्रश्न असतो : अमुक सालीं अमुक जागीं तिवरें होतीं कीं नव्हतीं?

माझा एक जुना विद्यार्थी आतां वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करतो. तो एके दिवशीं घरीं आला आणि पेटी उघडून बसला. एका चित्रांत बांध, त्यामागें छातीइतकीं उंच तिवरें, आणि अगदीं मागें टेकडीची ओळखूं येणारी रेघ. ‘गुरुजी, ही जागा मी ओळखतों. येथें आतां भराव आहे. हें चित्र केव्हांचें?’ मीं पुष्कळ आठवून पाहिलें. थोरल्या मुलीच्या बारशाच्या आधीं कीं नंतर, मोठा पूर आला त्या सालीं कीं त्याच्या पुढल्या? तो वही उघडून, पेन्सिल हातांत धरून बसला होता. शेवटीं त्यानें वही मिटली. रागावला नाहीं; पण परीक्षेंत नापास झालेल्या मुलाकडे मी ज्या दृष्टीनें पाहत असें, त्याच दृष्टीनें त्यानें माझ्याकडे पाहिलें.

आतां कॅमेराच तारीख व वेळ लिहितो, आणि ज्याच्या त्याच्या खिशांतल्या फोनमध्यें कॅमेरा आहे. चॅम्पियन साहेबांच्या तारेची जागा उष्णतेनें व हालचालीनें जागें होणाऱ्या यंत्रानें घेतली आहे. अशाच तऱ्हेनें आरे वसाहतींतील गल्लींतून रात्रीं चालत जाणारा बिबळ्या नयन खानोलकर यांनीं टिपला, आणि २०१६ सालीं त्या चित्राला लंडनच्या जागतिक स्पर्धेंत शहरी वन्यजीवनाच्या विभागांत पहिलें स्थान मिळालें. आरे आमच्यापासून टेकडीपलीकडे आहे. बिबळ्याचें चित्र घेण्याचें धाडस माझ्यांत नाहीं. मी आपला बांधावर जातों.

त्या विद्यार्थ्यानें मला एक वही आणून दिली आहे. तींत तारीख, वेळ, भरती कीं ओहोटी, कोणत्या बांधावरून कोणत्या दिशेस पाहिलें, असे रकाने त्यानेंच आंखले आहेत. गेल्या वैशाखांतील एक नोंद अशी : ‘सकाळीं ६ वाजून ५० मिनिटें, ओहोटी. टिटवी, अंड्यांवर बसलेली. अंतर सुमारें साठ पावलें. जवळ गेलों नाहीं.’ चित्रांत टिटवी तिळाएवढी दिसते. ती कोठें आहे हें मला दर वेळीं बोट ठेवून दाखवावें लागतें.